वाळूच्या खड्ड्यातले दशांश

पाचवीतल्या दोन मुली लांब उडीच्या खड्ड्यापाशी भांडत होत्या. एकीची उडी २.८ मीटर, दुसरीची २.७५. दुसरी ठणकावून सांगत होती, "बाई, माझीच मोठी. आठापेक्षा पंच्याहत्तर मोठे." पहिलीला आपली उडी पुढे पडलेली वाळूत दिसत होती, पण वहीतला आकडा तिच्या बाजूने बोलत नव्हता. ती रडकुंडीला आली होती.

याच वर्गाला मी महिनाभर फळ्यावर दशांश अपूर्णांक शिकवत होते. गृहपाठाच्या वह्या तपासून झाल्या होत्या, बरोबरच्या खुणांनी भरल्या होत्या. मी काही न बोलता टेप पुन्हा अंथरला. काठीने २.७० वर रेघ ओढली, २.८० वर दुसरी ओढली आणि म्हटलं, "यांच्या मधे २.७५ कुठे येतं, बोट ठेव." तिनं बरोबर मधोमध बोट ठेवलं, क्षणभर थांबली, आणि स्वतःच जाऊन मैत्रिणीच्या वहीतल्या २.८ पुढे शून्य लिहिलं. २.८० आणि २.७५. भांडण मिटलं.

मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या दिवसापासून आठवड्यातले गणिताचे दोन तास मी मैदानावर घेते. स्वतःच्या पायांनी कमावलेला आकडा मुलं सहज सोडत नाहीत. तो चुकीचा लिहिला गेला तर बाईंशीही भांडतात. गणितासाठी मुलांनी भांडावं, एवढंच मला हवं होतं. तुमच्या शाळेत किंवा घराजवळच्या मोकळ्या जागेत हे कसं करता येईल, ते माझ्या अनुभवातून सांगते.

साहित्य फार लागत नाही. ३० मीटरचा टेप, सुतळीचा मोठा गुंडा, सहा खुंट्या, शिट्टी, स्टॉपवॉच असलेले तीन मोबाइल आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र छोटी वही. आखणीसाठी चुन्याची फक्की असेल तर ती मोठ्यांनीच मारावी. डोळ्यात गेली तर फार त्रास होतो. मुलांच्या हाती मी राख किंवा रांगोळी देते. सरळ रेघेसाठी दोन खुंट्यांना सुतळी ताणून बांधायची आणि तिच्यावरून राख सोडत जायचं.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: मोजण्याआधी अंदाज वहीत लिहायचा. तोंडी नाही, लिहायचा. तोंडी अंदाज मुलं नंतर बदलतात.

पावलांपासून सुरुवात

तिसरी-चौथीच्या मुलांना थेट घड्याळ दाखवू नका. आधी २० मीटर आखून द्या आणि नेहमीच्या चालीने पावलं मोजायला सांगा. कुणाची ३६ भरतील, कुणाची ४१. "वीस मीटरला ४० पावलं, तर एक पाऊल केवढं?" हा भागाकार त्यांना करावासा वाटतो, कारण पाऊल त्यांचं आहे. अर्धा मीटर, म्हणजे ५० सेंटिमीटर. मग त्याच पावलाने शाळेची भिंत मोजा, हापशापासून फाटकापर्यंतचं अंतर मोजा, आणि शेवटी टेपने पडताळा. पहिल्यांदा चूक मोठी येते, कारण मोजायचं म्हटलं की मुलं लांब टांगा टाकतात. हे त्यांना स्वतःला कळू द्या. आमच्या एका मुलाने दोनदा मोजून मला सांगितलं, "बाई, मी मुद्दाम चाललो की माझं पाऊल खोटं होतं." मोजमापातल्या चुकीबद्दल इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं.

तीन घड्याळं आणि मधला आकडा

धावण्यासाठी ५० मीटर पुरेत. सोडणाऱ्याने नुसती शिट्टी वाजवायची नाही, हातही झटक्यात खाली आणायचा, आणि वेळ घेणाऱ्याने हात बघून घड्याळ सुरू करायचं. असं का, हाच एक छान धडा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ५० मीटरवर उभ्या असलेल्याला शिट्टी सुमारे ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येते, १०० मीटरवर ०.२९ सेकंद. ऐकून बटण दाबलं तर धावणाऱ्याला तेवढी वेळ फुकट मिळते. सहावीची मुलं हा भागाकार आनंदाने करतात.

एका धावणाऱ्यावर तिघांनी वेळ लावायची. समजा ८.६, ८.७ आणि ८.९ आले. कोणती खरी? मुलं सरासरी काढायला धावतात. हाताने वेळ घेताना स्पर्धेचा नियम वेगळा आहे: तिन्ही वेगळ्या असतील तर मधली धरायची, दोन सारख्या असतील तर त्या दोन्हीची धरायची. दोनच घड्याळं असतील आणि त्यांत फरक असेल तर जास्त वेळ दाखवणारी धरायची. मधली का? यासाठी मी एका मुलाला मुद्दाम उशिरा बटण दाबायला सांगते. ८.६, ८.७ आणि १२.४. सरासरी ९.९ येते, म्हणजे दोन चांगल्या घड्याळांची मेहनत एका वेंधळ्या बोटाने वाया गेली. मधला आकडा मात्र ८.७ वर ठाम राहतो. मध्यक हा शब्द मुलांच्या पाठ्यपुस्तकात पुढे कधीतरी येईल. तोवर त्यांना त्याची गरज का पडते ते माहीत झालेलं असतं.

निकट किंमतीचा धडाही इथेच घ्या, कारण मैदानावरचा नियम पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आहे. हाताने घेतलेली वेळ नेहमी पुढच्या दशांशावर नेतात. घड्याळात ८.६१ दिसलं तरी निकाल ८.७. लांब उडी मात्र नेहमी खालच्या पूर्ण सेंटिमीटरवर आणतात. टेपवर २.७५८ आली तरी २.७५. एकीकडे वर, एकीकडे खाली. मुलांना विचारा, हे उलटसुलट का? मी उत्तर सांगत नाही. एकदा दोन दिवस कुणालाच येईना. तिसऱ्या दिवशी पाणी पिता पिता एक मुलगी म्हणाली, "पळण्यात कमी आकडा चांगला, उडीत जास्त चांगला. म्हणजे दोन्हीकडे जे नक्की केलंय तेवढंच देतात, वरचं काही देत नाहीत." अगदी हेच.

एवढ्याशा दशांशाने काय होतं, असं कुणी म्हटलं की मी पी. टी. उषांची गोष्ट सांगते. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. तिसरी आलेली रुमानियाची धावपटू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. एक शतांश सेकंदाने पदक गेलं. आता अंतर काढा. ४०० भागिले ५५.४२, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.२ मीटर. शतांश सेकंदात ०.०७२ मीटर, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या आसपास. मी चार बोटं जोडून जमिनीवर ठेवते. "एवढं." वर्ग गप्प होतो. त्यानंतर दशांश चिन्हाची जागा चुकवणारी मुलं फार थोडी उरतात.

वेगाचं रूपांतर शिकवताना ३.६ ने गुणायचं हे आधी सांगू नका. ५० मीटर ८.६ सेकंदांत म्हणजे सेकंदाला ५.८ मीटर. तासात ३६०० सेकंद, किलोमीटरला १००० मीटर, एवढंच द्या आणि थांबा. ताशी २१ किलोमीटरच्या आसपास उत्तर आलं की मुलं लगेच गावातल्या गाड्यांशी तुलना करू लागतात. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, त्याची सरासरी ताशी ३७.६ किलोमीटर होती. हा आकडाही त्यांनाच काढू द्या.

दहा अडथळे, नऊ अंतरं

आम्ही विटांवर बांबूची हलकी काठी ठेवून अडथळे करतो. पाय लागला की काठी पडली पाहिजे, बांधायची नाही. मुलींच्या १०० मीटर अडथळ्यांचं अधिकृत माप मी फळ्यावर लिहिते: आरंभापासून पहिला अडथळा १३ मीटर, दोन अडथळ्यांमधे ८.५० मीटर, शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा १०.५० मीटर, एकूण अडथळे १०. बेरीज करा. जवळजवळ सगळा वर्ग १०८.५ आणतो, कारण सगळे दहाला ८.५० ने गुणतात. मग मी दहा मुलांना ओळीत उभं करते आणि मधल्या फटी मोजायला लावते. नऊ. नऊ साडेआठ साडेशहात्तर, त्यात १३ आणि १०.५०, झाले १००. दोरीवर वाळत घातलेले कपडे, कुंपणाचे खांब, रोपांची ओळ, सगळीकडे हीच चूक होते, आणि पुढच्या परीक्षांमध्येही होत राहते. मैदानावर एकदा फटी मोजल्या की मूल आधी विचारतं, "खांब विचारलेत का फटी?"

वळण: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

वर्तुळाचा परीघ हा भाग मी आता वर्गात सुरूच करत नाही. आमचं मैदान ४०० मीटरच्या ट्रॅकला पुरत नाही, म्हणून आम्ही १०० मीटरचा छोटा ट्रॅक आखतो. त्रिज्या ७ मीटर घ्या. दोन अर्धवर्तुळं मिळून पूर्ण वर्तुळ: २ गुणिले २२/७ गुणिले ७, म्हणजे ४४ मीटर. उरले ५६, म्हणून प्रत्येक सरळ भाग २८ मीटर. एक मीटर रुंदीच्या चार लेन धरल्या तर ५० बाय २२ मीटरची जागा लागते. अर्धवर्तुळ काढायला मधे खुंटी ठोकायची, तिला ७ मीटर सुतळी सैल फासाने अडकवायची आणि दुसरं टोक ताणून धरत फिरायचं. कंपासपेटीतला कंपास हेच करतो, हे मुलांना चालताना समजतं. सुतळी सैल पडली तर वळण आत ढासळतं आणि रेघेत ते लगेच दिसतं.

मग चार मुलांना चार लेनमध्ये एकाच रेषेवर उभं करा आणि एक फेरी पळवा. काही समजावू नका. बाहेरचं मूल येऊन तक्रार करणारच: "मला जास्त पळवलं." किती जास्त? अंदाज वहीत लिहा. आमच्याकडे "एक मीटर" असा अंदाज सर्वांत जास्त येतो, कारण लेन एक मीटरची. मग मोजा. मुलांनी सुतळी प्रत्येक लेनच्या आतल्या रेघेवरून वळवत न्यायची, खडे ठेवत जायचं, नंतर ती सरळ करून टेपला लावायची. पहिली लेन १००, दुसरी १०६.२९, तिसरी ११२.५७, चौथी ११८.८६. सुतळीने मोजताना वीसेक सेंटिमीटर इकडेतिकडे होतात, होऊ द्या.

दर लेनला ६.२९ मीटर. आता खरा प्रश्न: मैदान चौपट मोठं असतं तर हा फरक किती असता? सगळे म्हणतात चौपट. वहीत मांडायला लावा. त्रिज्या ७ ची ८ झाली काय आणि ३६ ची ३७ झाली काय, परीघ वाढतो तो २ गुणिले २२/७ गुणिले १ एवढाच. मूळ त्रिज्या वजाबाकीत उडून जाते. हे उत्तर पहिल्यांदा मिळालं तेव्हा सातवीतल्या एका मुलाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी घरची रहाटाची दोरी आणून हापशाभोवती दोन वर्तुळं काढून मोजली, आणि मगच मान्य केलं.

अधिकृत ट्रॅकवर लेन १.२२ मीटरची असते, म्हणून तिसऱ्या लेनपासून पुढे दर लेनला सुमारे ७.६७ मीटर पुढून सोडतात. दुसऱ्या लेनला मात्र ७.०४. पहिल्या लेनचं अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात आणि बाकीच्या लेनचं रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर, त्यामुळे हा फरक. आठवीच्या मुलांना पूर्ण हिशेब द्या: सरळ भाग ८४.३९ मीटर, मोजायची त्रिज्या ३६.८० मीटर. π (पाय) ३.१४१६ धरला तर बरोबर ४०० येतात. २२/७ धरला तर ४००.०९. नऊ सेंटिमीटरचा फरक. उषांचं पदक ज्या चार बोटांनी गेलं, त्याहून जास्त. २२/७ ही पायची खरी किंमत नाही, जवळची आहे, हे वर्गात मी कित्येकदा सांगितलं होतं. मुलांना ते या नऊ सेंटिमीटरने पटलं.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एका वर्षी शाळेच्या स्पर्धेत आम्ही अर्ध्या फेरीची शर्यत ठेवली आणि मी घाईत पूर्ण फेरीचेच आरंभबिंदू वापरले. अर्ध्या फेरीत वळण एकच, म्हणजे फरक निम्मा, दर लेनला ३.१४. चौथ्या लेनच्या मुलीला ९.४३ ऐवजी १८.८६ मीटर पुढून सोडलं गेलं. ती सहज जिंकली. पहिल्या लेनमधली मुलगी काही बोलली नाही. संध्याकाळी रेघा पुसताना मला उमगलं आणि रात्रभर चुटपुट लागली. सकाळी परिपाठात सगळ्यांसमोर चूक सांगितली, मुलींकडूनच नवा हिशेब करून घेतला आणि शर्यत पुन्हा घेतली. शर्यतीत किती वळणं आहेत हे आधी मोजा, मगच रेघ मारा.

फेक आणि त्रिकोण

लहान मुलांना लोखंडी गोळा देऊ नका. वाळू भरून घट्ट शिवलेली कापडी पिशवी पुरते. फेकणाऱ्याच्या पुढे कुणी नाही आणि शिट्टीशिवाय कुणी उचलायला जायचं नाही, हे दोन नियम मोडले तर त्या दिवशीचा खेळ बंद.

गोळाफेकीचं क्षेत्र ३४.९२ अंशांचं असतं. हा विचित्र आकडा कुठून आला, हे मुलांना सुतळीने शोधू द्या. वर्तुळाच्या केंद्रापासून दोन सुतळ्या १० मीटरच्या आणि त्यांची टोकं जोडणारी तिसरी ६ मीटरची. समद्विभुज त्रिकोण झाला की कोन आपोआप बरोबर येतो, कोनमापकाची गरज नाही. भाल्यासाठी २०, २० आणि १०. त्रिकोण तीन बाजूंनी पक्का होतो, हे वर्गात सांगायला लागतं. इथे मुलं सुतळी ताणून स्वतःच म्हणतात, "आता हलत नाही."

फेक मोजताना टेप केंद्रातून न्यायचा आणि वर्तुळाच्या आतल्या कडेपाशी वाचायचा. एकदा मुद्दाम तिरका धरून बघा. केंद्रातून न नेलेला टेप नेहमी थोडी जास्त फेक दाखवतो. का, ते मुलांना विचारा.

मागे राहणाऱ्यांसाठी

हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. वेळांची यादी भिंतीवर लावू नका. जो हळू पळतो त्याला रोज तेच वाचावं लागतं, आणि तो मैदानाबरोबर गणितालाही दुरावतो. आकडे ज्याच्या त्याच्या वहीत राहू द्या. आलेख काढायचा तो स्वतःच्या सहा आठवड्यांचा. शेकडेवारी शिकवताना सुधारणा मोजा: २ मीटरवरून २.२० वर गेलेल्याची वाढ १० टक्के, ३ मीटरवरून ३.२० वर गेलेल्याची ६.६७. वाढ दोघांचीही वीस सेंटिमीटरच. यातलं कुणाचं यश मोठं यावर वर्गात वाद होऊ द्या, निकाल तुम्ही देऊ नका. ज्याला धावणं जमतच नाही त्याला मुख्य वेळाधिकारी करा. आमच्याकडे पायाने अधू असलेला एक मुलगा दोन वर्षं हे काम बघत होता. त्याची मधली वेळ कुणी कधी खोडली नाही.

मोही गावची वेळ

ललिता बाबर आमच्याच माण तालुक्यातल्या, मोहीच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत त्यांची वेळ होती ९:१९.७६. हा आकडा मी वर्षातून एकदा फळ्यावर लिहिते आणि सेकंद करायला सांगते. यात दोन पद्धती एकत्र आहेत. मिनिटं-सेकंद साठाने चालतात, सेकंदाचे तुकडे दहाने. ५५९.७६ सेकंद. भागिले ३०, म्हणजे दर १०० मीटरला १८.६६. आमच्या सातवीतल्या चपळ मुली सरळ १०० मीटर साधारण तेवढ्यात पळतात आणि नंतर गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहतात. ललिताताईंनी असे ३० सलग पळले, वर २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या.

गेल्या वर्षी मुलांनीच ठरवलं, आपण सगळे मिळून पळू. तीस मुलं, प्रत्येकी आमच्या छोट्या ट्रॅकची एक फेरी, हातात रिलेची काठी. अडथळे नाहीत. वेळ आली १०:४१.३. मुलं जमिनीवर बसूनच वजाबाकी करू लागली. ८१.५४ सेकंदांचा फरक. भागिले १८.६६. "बाई, आपण पोचलो तोवर त्या अजून चार फेऱ्या मारून पाचवी पळत असत्या." दहा मिनिटांच्या आत यायला किती कमी करायला हवं? ४१.३ भागिले ३०, माणशी १.३८ सेकंद. वेळाधिकारी म्हणाला, दीडच धरू, काठी बदलताना सांडलवंड होते. त्यांनी वहीत ९:५६.३ लिहून ठेवलंय. पावसाळा संपला की पुन्हा आखणी करायची आहे, आणि सातवीच्या मुलांनी दोन काठ्या आत्तापासूनच तासून ठेवल्या आहेत.